बॅरेक नंबर, उल्हासनगर-५

उल्हासनगरात कुणाचाही पत्ता लिहून घ्यायला बसलं की इमारतीचं नाव, गल्ली, चौक झाल्यावर शेवटी एक आकडा येतोच: बी.के. नंबर अमुक, रूम नंबर तमुक. बी.के. म्हणजे बॅरेक. ज्या बॅरेकीचा हा नंबर, ती कधीच पाडली गेलेली असते. तिच्या जागी चार-पाच मजली इमारत उभी असते, खाली दुकान आणि मागे शिलाईच्या मशिनी चाललेल्या असतात. तरी घरपट्टीच्या पावतीवर, दुकानाच्या पाटीवर आणि लग्नाच्या पत्रिकेवर बॅरेकीचा नंबर टिकून आहे. कॅम्पांचे आकडेही असेच टिकले. कल्याणकडून, म्हणजे शहाडच्या बाजूने एक नंबरचा कॅम्प सुरू होतो आणि अंबरनाथच्या वेशीला भिडणारा शेवटचा कॅम्प पाच. टपाल खात्याने पिनकोडसुद्धा याच क्रमाने दिले. कॅम्प १चा ४२१००१, कॅम्प ५चा ४२१००५.

हे गाव कुणी विचार करून वसवलं नाही. काही महिन्यांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या छावणीत काही महिन्यांसाठी म्हणून माणसं आणून ठेवली गेली आणि त्या तात्पुरतेपणातून पाच लाखांचं शहर उभं राहिलं. उल्हासनगरचं जे काही चांगलं झालं आणि जे बिघडलं, त्या दोन्हींचं मूळ मला याच एका गोष्टीत दिसतं.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून होते. मुंबई बंदरातून फौजा, दारूगोळा, औषधं, घोडे, गाड्या सतत ये-जा करत होत्या. बंदरावर उतरलेल्या किंवा बंदराकडे निघालेल्या सैनिकांना मधल्या काळात ठेवायला जागा हवी होती आणि ती शहराबाहेर पण रेल्वेला लागून हवी होती. कल्याणला रेल्वे १८५४मध्येच पोहोचली होती. तिथूनच एक फाटा कसाऱ्याच्या घाटाकडे आणि दुसरा कर्जत-पुण्याकडे जातो. उल्हास नदीचं पाणी जवळ, जमीन सपाट आणि वस्ती विरळ. लष्कराला याहून सोयीची जागा मिळाली नसती. कल्याणपासून चार-पाच किलोमीटरवर ‘कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’ उभा राहिला. सुमारे सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसांची सोय होईल, असा त्याचा आवाका होता. बहुतेक बॅरेकींची रचना एकसारखी होती. मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या.

जमीन मोकळी होती, पण बेवारस नव्हती. या पट्ट्यात आगरी, कुणबी शेतकऱ्यांची गावं होती, भातशेती होती. युद्धाच्या निकडीत सरकारने ज्या जमिनी घेतल्या, त्यात छावणीपासून जवळच, मलंगगडाच्या वाटेवरच्या नेवाळीला धावपट्टीसाठी घेतलेली जमीनही होती. युद्ध संपलं की आपली शेतं परत मिळतील, असं नेवाळी परिसरातल्या शेतकऱ्यांना वाटत होतं. ती आशा पुढे कुठवर ताणली गेली, ते शेवटाकडे येईलच.

१९४५मध्ये युद्ध थांबलं, फौजा गेल्या आणि छावणी ओस पडली. पुढच्या दोन-तीन वर्षांत सिंधमध्ये जे घडलं, त्यातून ती पुन्हा भरणार होती.

सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराची आणि मुंबई यांच्यात बोटींची नियमित वाहतूक होती. हैदराबाद-सिंधच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या, सिंधी मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत होती. त्यामुळे घर सोडायची वेळ आली, तेव्हा असंख्य सिंधी हिंदूंच्या डोळ्यांसमोर आधी मुंबई आली. पण ही वेळ पंजाबसारखी एका झटक्यात आली नाही. सिंधच्या लोकसंख्येत हिंदू साधारण पाव हिस्सा होते, ते बहुतांशी शहरांत राहत आणि व्यापार, सावकारी, सरकारी नोकऱ्या यांत त्यांचं वजन होतं. ऑगस्ट १९४७मध्ये पंजाब पेटलेला असताना सिंध तुलनेने शांत होता आणि पुष्कळांना वाटत होतं की आपण इथेच राहू शकू. मग भारतातून आलेल्या मुस्लिम निर्वासितांची गर्दी वाढली, घरांवर आणि दुकानांवर ताबे पडू लागले. डिसेंबर १९४७मध्ये हैदराबादला दंगल झाली आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत. कराचीच्या रतन तलाव भागातल्या गुरुद्वारात आश्रयाला आलेल्या शिखांवर हल्ला झाला आणि शहरभर हिंदूंची घरं लुटली गेली. त्या दिवसानंतर थांबण्याचा विचार जवळजवळ संपला. कराची बंदरावर रांगा लागल्या. कुणी बोटीने मुंबई, ओखा, पोरबंदर गाठलं, कुणी मीरपूर खासवरून रेल्वेने मारवाडात उतरलं.

सिंधी निर्वासितांची अडचण पंजाब्यांहून वेगळी होती. पंजाबचे दोन तुकडे झाले, त्यामुळे पश्चिमेकडून आलेल्या शेतकऱ्याला पूर्व पंजाबात, तिथून गेलेल्या माणसाची जमीन देता आली. बोलीभाषा तीच, प्रांत तोच. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. सिंधी माणसाला भारतात स्वतःचं म्हणावं असं एक गावही उरलं नाही. सरकारने त्यांना जिथे छप्पर होतं तिथे पाठवलं आणि मुंबई प्रांतात सर्वात मोठं तयार छप्पर कल्याणच्या छावणीचं होतं. मुंबई शहरावर आधीच ताण होता. बाळासाहेब खेरांच्या सरकारला ही गर्दी शहराबाहेर हवी होती. बंदरावर उतरलेल्या माणसांना गाडीत बसवून कल्याणला आणलं जाऊ लागलं. छत्तीस हजारांसाठी बांधलेल्या जागेत बघता बघता लाखाच्या आसपास माणसं झाली.

त्या बॅरेकींतल्या दिवसांच्या आठवणी नंदिता भवनानी यांनी ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ या पुस्तकासाठी मोठ्या कष्टाने गोळा केल्या आहेत आणि उल्हासनगरच्या घराघरांतही त्या अजून सांगितल्या जातात. एका हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं. मधे भिंत नाही. मग गोणपाट शिवून, साड्या-चादरी दोरीवर टाकून हद्दी आखल्या गेल्या. पलीकडच्याचा खोकला, भांडण, बाळंतपण सगळं अलीकडे ऐकू येई. नळ सार्वजनिक, शौचकूपं सार्वजनिक, दोन्हींना रांगा. कोरड्या हवेत, उंच छताच्या आणि वारा खेळता राहावा अशा बेताने बांधलेल्या घरांत वाढलेल्या माणसांना कोकणाच्या तोंडावरचा पाऊस नवा होता. जूनमध्ये छप्पर गळू लागलं की अंथरूण कुठे सरकवायचं, हा प्रश्न रोजचा. सिंधमध्ये ज्या बायकांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्या पाण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या, पापड लाटू लागल्या आणि ते पापड वाळवायला बॅरेकीसमोरचं अंगण वापरू लागल्या. सुरुवातीला सरकारकडून फुकट शिधा मिळे. काही काळाने तो बंद झाला आणि कमावणं भाग पडलं.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवली गेली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. ८ ऑगस्ट हा शहराचा वाढदिवस म्हणून आजही साजरा होतो. ‘सिंधूनगर’ असं नाव असावं, अशी मागणी पुढेही अधूनमधून होत राहिली. सिंधू मागे राहिली होती आणि उल्हासच्या काठी राहायचं होतं, तेव्हा मला हे नाव योग्य वाटतं. पण ज्यांनी ती नदी सोडली त्यांना ‘सिंधूनगर’ का हवं होतं, हेही समजण्यासारखं आहे.

नाव बदललं, पण जागेची मालकी सरकारचीच होती. १९५४मध्ये विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून मंजूर होऊ लागले आणि त्या रकमेत इथल्या खोल्यांची किंमत वळती करून घेतली जाऊ लागली. सगळ्यांकडे कागद नव्हते, सगळ्यांचे दावे मंजूर झाले नाहीत. ज्यांचे झाले त्यांना सनद मिळाली. उल्हासनगरात जमिनीचा विषय निघाला की आजही पहिला प्रश्न सनदेचा येतो. ज्याच्याकडे ती आहे तो मालक आणि ज्याच्याकडे नाही तो पिढ्यान्‌पिढ्या राहूनही प्रांत कार्यालयाच्या दारात. खोल्यांच्या सनदा दिल्या गेल्या, पण मधली अंगणं, बॅरेकींमधल्या मोकळ्या पट्ट्या, रस्त्यांच्या कडा यांचा हिशेब नीट लागला नाही. कुटुंब वाढलं की त्या मोकळ्या जागेत भिंत पुढे सरके. शहराच्या पुढच्या साठ वर्षांच्या भांडणांची सुरुवात या सरकत्या भिंतीपासून झाली.

मध्य रेल्वेवरची कल्याणच्या अलीकडची-पलीकडची गावं ‘झोपायची गावं’ म्हणून ओळखली जातात. डोंबिवली, बदलापूरचा नोकरदार सकाळी लोकल पकडतो आणि रात्री परततो. उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी स्टेशनांवरही सकाळी गर्दी असते, पण या शहराचा पोत निराळा आहे. पहिल्या पिढीतले अनेकजण लोकलनेच रोज मुंबईला जात, पण नोकरीला नव्हे. गाडीत गोळ्या, कंगवे, पेनं, रुमाल विकायचे, मुंबईच्या घाऊक बाजारातून माल घ्यायचा आणि संध्याकाळी कॅम्पात आणून विकायचा. नफा कमी ठेवायचा, माल लवकर फिरवायचा आणि रोकड पुन्हा मालात घालायची, ही त्यांची रीत. मुंबईतले जुने दुकानदार यावर चिडत, गिऱ्हाईक मात्र सिंध्याच्या दुकानात जाई. हळूहळू उलटं झालं. मालासाठी मुंबईला जाणाऱ्या कॅम्पाकडेच लोक मालासाठी येऊ लागले. कॅम्प २मध्ये गजानन मार्केट आणि जपानी बाजारात कापड, शेजारी फर्निचर बाजार. लग्नाचा बस्ता बांधायला ठाणे-रायगड जिल्ह्यांतल्या गावागावांतून माणसं इथे येतात. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना टोमणा सगळ्यांना ठाऊक आहे. नकली मालाचा धंदा इथे झाला, हे खरं आहे. पण त्या टोमण्यात एक गोष्ट झाकली जाते. भांडवल नाही, जमीन नाही, बँक दारात उभी करत नाही, अशा हजारो कुटुंबांनी एका खोलीत एक मशीन मांडून कारखाना उभा केला. त्याच काळात शहाडला सेंच्युरी रेयॉन आली आणि संघटित क्षेत्रातली नोकरी मराठी, सिंधी, उत्तर भारतीय अशा सगळ्यांनाच मिळाली. हैदराबाद सिंधहून आलेल्या शिक्षणसंस्थेच्या चालकांनी १९६५मध्ये चांदीबाई हिंमतमल मनसुखानी कॉलेज काढलं. कॅम्पातल्या मुलीला पदवीसाठी मुंबईला जावं लागेना.

जपानमध्ये टोकियोजवळचं सागामिहारा हे शहर मला छावणीतून शहर होण्याच्या संदर्भात आठवतं. १९४१मध्ये दोन गावं आणि सहा खेडी एकत्र करून ते लष्करी वस्ती म्हणून आखलं गेलं. युद्धानंतर तिथल्या लष्करी जागांचा ताबा अमेरिकन फौजांनी घेतला आणि उरलेल्या गावाचं टोकियोच्या नोकरदारांचं शहर झालं. पण सागामिहारात लष्कराने रस्ते आधी आखले होते आणि पुढची वस्ती त्या रस्त्यांवर वाढली. कल्याणच्या छावणीत रस्ते होते ते सैनिकांच्या बॅरेकींपुरते आणि वस्ती त्यांच्या कितीतरी पट झाली. अवघ्या १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २००१मध्ये ४,७३,७३१ आणि २०११मध्ये ५,०६,०९८ माणसं मोजली गेली.

आता कॅम्प ५कडे येऊ. हा सगळ्यात शेवटचा, अंबरनाथला चिकटलेला कॅम्प. नेताजी चौकातून पुढे गेलं की कैलास कॉलनी आणि मग उल्हासनगर कुठे संपलं, अंबरनाथ कुठे सुरू झालं, हे कळत नाही. सिंधी समाजाच्या श्रद्धेची दोन मोठी स्थानं याच कॅम्पात आहेत. एक, प्रेमप्रकाश पंथाचे अंध संत स्वामी शांतिप्रकाश यांचा आश्रम. दुसरं, झुलेलालचं पूज्य चालिहा साहिब मंदिर. तिथली अखंड ज्योत फाळणीत सिंधमधल्या पीर गोठहून आणली, असं भाविक सांगतात. घरं, दुकानं, शेतं सोडताना कुणीतरी पेटता दिवा जपून आणला, ही गोष्ट कॅम्पातली मुलं ऐकत वाढतात. जुलैच्या मध्यापासून चाळीस दिवस चालिह्याचं व्रत असतं. त्या दिवसांत मंदिराच्या रस्त्याला चालायला जागा नसते.

याच कॅम्पाने शहराला जीन्सचा धंदा दिला. १९८०नंतर इथे जीन्स शिवणारे कारखाने वाढत गेले. कारखाना म्हणजे बहुतेक ठिकाणी एक गाळा किंवा घराचाच पुढचा भाग. एकाच पँटवर किती हात फिरतात, ते इथे उभं राहून बघण्यासारखं आहे. कापडाची थप्पी टेबलावर पसरून मशीनने कटिंग होतं. एक कारागीर फक्त खिसे जोडतो, दुसरा फक्त बेल्ट. ओव्हरलॉक वेगळा, काज-बटण वेगळं. मग गठ्ठे बायकांकडे जातात. त्या दारात बसून धागा कटिंग करतात, नगावर पैसे मिळतात. इथपर्यंतची पँट गडद निळी आणि पुठ्ठ्यासारखी कडक असते. तिला बाजारातला फिका, मऊ, वापरलेला रंग येतो तो वॉशिंगमध्ये. मोठ्या ड्रममध्ये पाणी, ब्लीच, रसायनं, कधी दगड घालून ती घुसळली जाते. शिवणारे कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे, धागा कापणाऱ्या आजूबाजूच्या मराठी वस्त्यांतल्या, माल उधारीवर देणारा सिंधी व्यापारी आणि घेणारा देशभरातला. चारशे-पाचशे रुपयांत रस्त्यावर मिळणाऱ्या कितीतरी जीन्स याच गल्ल्यांतून निघाल्या.

वॉशिंगचं पाणी जाई ते वालधुनीत. ही नदी अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावते, अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरातून वाहते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. शिलाहारांनी शके ९८२ला, म्हणजे इसवी सन १०६०च्या सुमारास पुरं केलेलं ते मंदिर तिच्या काठी बांधलं, तेव्हा पाणी हेच जागा निवडण्याचं कारण असणार. कॅम्प ५च्या शेजारी हजार वर्षांचं हे मंदिर उभं आहे आणि त्याच्या पायाशी आज नाला वाहतो. याला एकटी जीन्स जबाबदार नाही. अंबरनाथ, बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी, काठच्या शहरांचा मैला, सगळं तिच्यातच गेलं. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस कुणीतरी रात्री टँकरमधून रसायन तिच्यात सोडलं आणि विषारी वायूने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि पालिकांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जीन्स वॉशिंगचे कारखाने बंद करण्यात आले. धंदा पांगला, हजारो मजुरांचं काम एकदम थांबलं. काहींनी वॉशिंग आजूबाजूच्या गावांत हलवलं, त्यामुळे घाणही त्या गावांत गेली. नदी वाचवायची असेल तर हे कारखाने बंद व्हायलाच हवे होते, असं मला वाटतं. पण वीस-पंचवीस वर्षं वीज, पाणी, कर सगळं घेऊन या कारखान्यांना चालू देणाऱ्या यंत्रणेने एक सामायिक प्रक्रिया केंद्र वेळेवर उभारलं असतं, तर ही वेळ आली नसती.

घरांचीही अशीच गत झाली. बॅरेकीच्या सरकलेल्या भिंतीवर आधी माळा, मग मजला, मग बिल्डरने बांधलेली इमारत. परवानगी घेऊन बांधावं, तर सनदेचा वाद. न घेता बांधावं, तर हप्ते देऊन निभावतं, असा व्यवहार रुजला. २००३च्या सुमारास उच्च न्यायालयात ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न आला आणि पाडण्याचे आदेश निघाले. लाखो माणसं रस्त्यावर येणार या भीतीने शहर ढवळून निघालं. अखेर राज्य सरकारने २००६मध्ये खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. दंड भरून नियमित झाल्याचा जो दाखला मिळतो त्याला इथे ‘डी फॉर्म’ म्हणतात. तो थोड्यांनाच मिळाला. कागद सरळ करण्याच्या या धडपडीत इमारतींच्या तब्येतीकडे कुणी पाहिलं नाही. नव्वदीच्या दशकात निकृष्ट रेतीने घाईघाईत बांधलेल्या इमारती म्हाताऱ्या होण्याआधीच खचू लागल्या. मे २०२१मध्ये पंधरा दिवसांच्या आत मोहिनी पॅलेस आणि साई सिद्धी या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. पहिल्या दुर्घटनेत पाच आणि दुसरीत सात माणसं गेली. वरच्या मजल्याचा स्लॅब थेट तळापर्यंत खाली आला होता.

कारभाराचीही एक लांब कथा आहे, ती थोडक्यात सांगतो. १९८३मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूरही तिच्यात गेले. उल्हासनगर मात्र वेगळंच राहिलं. १९९२मध्ये अंबरनाथ, बदलापूर बाहेर पडले. १९९६मध्ये उल्हासनगरची स्वतःची महापालिका झाली. एका नदीच्या खोऱ्यातली ही चार शहरं चार कारभारांत विभागली गेली आणि वालधुनी कुणाचीच राहिली नाही.

छावणीसाठी जमीन गेलेल्या पट्ट्यातला राग अजून संपलेला नाही. नेवाळीच्या धावपट्टीची जागा युद्धानंतर संरक्षण खात्याकडेच राहिली. गावकरी तिथे शेती करत राहिले आणि जमीन परत मागत राहिले. जून २०१७मध्ये नौदलाने कुंपण घालायला सुरुवात केली, तेव्हा आंदोलन पेटलं. रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या, शेतकरी जखमी झाले. शरणार्थ्यांना छप्पर मिळालं, त्याची किंमत कुणी मोजली याचा विचार उल्हासनगरच्या गौरवग्रंथांत फारसा आढळत नाही. आगरी गावांचं दुःख आणि सिंधी बॅरेकींचं दुःख एकाच युद्धातून आलं, पण ते एकत्र मांडलं गेलं नाही.

आणि छावणीत माणसं येणंही थांबलेलं नाही. सिंधमधून आलेली हिंदू कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आजही उल्हासनगरात राहतात. कुणाची आत्या, कुणाचा मामा १९४८मध्ये इथे आला होता, त्या ओळखीवर ती येतात. डिसेंबर २०१६मध्ये केंद्राने सात राज्यांतल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत ठाण्याचे जिल्हाधिकारी होते. मार्च २०२४मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम आले. त्यांचा लाभ ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्यांना मिळतो. त्यानंतर आलेल्यांना तो मिळत नाही. ही माणसं भाड्याने खोली घेतात, दुकानात कामाला लागतात, मुलांना शाळेत घालतात आणि प्रत्येक अर्जात पत्त्याच्या रकान्यात बॅरेक नंबर लिहितात.